काळ्या दगडाची कूळकथा



१९९३ सालच्या सप्टेंबरची ३० तारीख. पहाटेचे चार वाजायला आले होते. आमच्या मैंदर्गीच्या घरात फळीवरची भांडी धडाधड खाली आली, गोठ्यातली जनावरे दावी ओढू लागली आणि घटकेभरात सारी गल्ली पांघरुणासकट रस्त्यावर उभी राहिली. मी त्या वेळी शाळकरी पोर होतो. काय झाले ते कुणालाच नीट कळेना. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या आणि मग एकेक नाव कानांवर पडू लागले: किल्लारी, सास्तूर. आमच्यापासून सरळ रेषेत मोजले तर किल्लारी सुमारे सत्तर किलोमीटर. गणपती बोळवून निजलेली गावेच्या गावे घरांखाली गाडली गेली. जवळजवळ दहा हजार माणसे त्या एका पहाटेत गेली.

त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात निजलो. आणि त्या रात्रींत एक बोलवा गावोगाव फिरू लागली. कुणी म्हणे, जमिनीतून आवाज येतात. कुणी म्हणे, अमक्याच्या विहिरीतून वाफ निघाली. आणि शेवटी सगळ्यांचे एकच बोलणे व्हायचे, की आपल्या पायाखाली ज्वालामुखी आहे आणि तो आता जागा झाला आहे. आमचे आज्जा मात्र हे ऐकून मान हलवीत. ते म्हणत, "ज्वालामुखी म्हंजे डोंगर लागतो रे. हितं बघंल तिकडं सपाट माळ. डोंगराबिगर ज्वालामुखी कुठनं येतोय?"

मी पुढे इतिहासाचा अध्यापक झालो. पण आज्जांचा तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुस्तके वाचली, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांना विचारले, तेव्हा उमगले की आज्जा निम्मे बरोबर होते आणि निम्मे चूक. गावातली बोलवाही निम्मी खरी होती. आपल्या पायाखाली ज्वालामुखीचेच काम आहे, यात शंका नाही. मात्र तो डोंगराचा ज्वालामुखी नव्हे, आणि तो जागा होणाराही नव्हे. हे कसे, ते आज आपणांस सांगावे असा विचार आहे.

ज्वालामुखी म्हटला की आपल्या मनात जे चित्र येते ते शाळेच्या पुस्तकातले. जपानचा फुजी पर्वत घ्या. ३,७७६ मीटर उंच, उतरंडीवर पालथ्या घातलेल्या मडक्यासारखा निमुळता, माथ्यावर बर्फ. त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. किंवा इटलीतला व्हेसुव्हियस घ्या, ज्याने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई हे भरले शहर राखेखाली पुरून टाकले. या जातीच्या ज्वालामुखीला मिश्र ज्वालामुखी म्हणतात. मिश्र अशासाठी, की त्याच्या अंगात राखेचा एक थर, लाव्ह्याचा एक थर, पुन्हा राख, पुन्हा लाव्हा, अशी थरावर थरांची रचना असते. एकदा फुटला की राख आणि दगडगोटे मुखाभोवती पडतात. मागाहून लाव्हा येतो आणि त्या भुसभुशीत ढिगाऱ्यावर पसरून त्याला लिंपून टाकतो. हजारो वर्षे हे चालले म्हणजे डोंगर उभा राहतो.

पण तो फुटतो का? याचे उत्तर आपल्या चुलीवर आहे. पातळ कढी उकळते तेव्हा काय होते? बुडबुडे येतात, फुटतात, फार तर ऊतू जाऊन कढी चुलीभोवती पसरते. पण पिठले घट्ट होत आले की वाफेला वाट मिळत नाही. ते फुदफुदते आणि त्याचा गोळा उडून हातावर येतो, चटका देतो. लाव्ह्याचेही तसेच आहे. ज्या लाव्ह्यात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, जास्त असतो तो घट्ट आणि चिकट असतो. त्यात कोंडलेली वाफ आणि वायू सुटता सुटत नाहीत. दाब वाढत जातो आणि एके दिवशी डोंगराचे टाळके उडते. पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा जिथे दुसऱ्याखाली सरकतो, तिथे समुद्रतळाचे पाणीही खडकासोबत खोल जाते आणि असा वायूने भरलेला रस तयार होतो. जपान, इंडोनेशिया येथले बहुतेक ज्वालामुखी या कुळातले. इंडोनेशियातले क्राकाटोआ बेट १८८३ च्या ऑगस्टमध्ये फुटले, तेव्हा त्याचा आवाज ४,८०० किलोमीटरांवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफांसारखा ऐकू आला, आणि समुद्राच्या लाटांनी ३६,००० वर माणसे नेली.

आपल्या देशात या कुळातला एक जिवंत ज्वालामुखी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरांवर बॅरन नावाचे एक ओसाड बेट आहे. पाण्यावर त्याचा माथा जेमतेम साडेतीनशे मीटर दिसतो. बाकीचा डोंगर, दोन हजार मीटरांहून अधिक, समुद्रात बुडालेला आहे. त्याच्या उद्रेकाची पहिली लेखी नोंद १७८७ सालची. नंतर तो जवळजवळ दीडशे वर्षे निजला आणि १९९१ साली पुन्हा धगधगला. त्यानंतरही अनेकदा त्याने धूर आणि राख सोडली आहे. म्हणजे आज्जांचे म्हणणे बॅरन बेटाला लागू पडते. तिथे डोंगर आहे, मुख आहे, धूर आहे.

मग आपल्या माळावर काय झाले?

आपल्याकडे जे झाले ते पिठल्यासारखे नव्हे, कढीसारखे झाले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला एका ठिकाणी मुख फुटले नाही. तिला लांबच लांब भेगा पडल्या. भर उन्हाळ्यात आपली काळी रानं भेगाळतात तशा, पण कित्येक किलोमीटर लांब आणि खोल थेट पृथ्वीच्या पोटापर्यंत. त्या भेगांतून सिलिका कमी असलेला, पातळ, वाहता लाव्हा वर आला आणि पसरला. तव्यावर धिरड्याचे पीठ ओतले की ते जसे चहूकडे पसरते, तसा. एक थर निवला की काही काळाने दुसरा, त्यावर तिसरा. धिरड्यांची चळत लागावी तशी थरांची चळत लागत गेली. डोंगर झाला नाही, पठार झाले. त्यालाच आपण दख्खनचे पठार म्हणतो.

हा विस्तार किती? आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर हा खडक पसरलेला आहे: महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणाचा काही भाग. आपल्या महाराष्ट्राचा तर ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग याच एका दगडाचा आहे. बराचसा झिजून गेला आहे. मुळात तो याहून कितीतरी मोठा असला पाहिजे. पूर्वेला आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ याच जातीचा खडक सापडतो, आणि सह्याद्रीकडचा लाव्हा तिथवर, म्हणजे हजारभर किलोमीटर, वाहत गेला असावा असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. ज्या भेगांतून लाव्हा वर आला, त्यांतल्या काहींत तो तसाच गोठून राहिला. धुळे, नंदुरबारकडे माळावर काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती उभ्या दिसतात, त्या याच. माणसाने न बांधलेल्या.

पुष्कळजण विचारतात, मग लोणारचे तळे हे त्या ज्वालामुखीचे मुख नव्हे काय? पूर्वी विद्वानांनाही तसे वाटे. पण १९७० च्या सुमारास तिथल्या दगडांची तपासणी झाली, तेव्हा प्रचंड आघातानेच बनते अशी काच त्यांत मिळाली. लोणारचा खड्डा वरून पडलेल्या उल्केने पाडला, आणि तोही लाव्हा निवून कोट्यवधी वर्षे झाल्यावर.

आता या ज्ञानाचाही एक इतिहास आहे. गेल्याच्या गेल्या शतकात कर्नल साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने पुणे, नगरकडचा मुलूख पायाखाली घातला आणि १८३० च्या दशकात इथल्या खडकांवर निबंध लिहिला. सह्याद्रीचे कडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्राप्पा' म्हणतात. त्यावरून या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव रूढ झाले. पुढे हिस्लॉप आणि हंटर या नागपूरच्या दोघा मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या मातीत शिंपले, पाने, फळे यांचे जीवाश्म शोधले. म्हणजे एक थर निवल्यावर त्यावर माती झाली, तळी भरली, झाडे वाढली. आणि मग दुसऱ्या लाव्ह्याने ते सारे झाकले. विसाव्या शतकात डॉक्टर बिरबल साहनी यांनी त्या वनस्पतींचा बारकाईने अभ्यास केला आणि या खडकाचे वय किती असावे, या वादाला नवे वळण दिले. पुढे सह्याद्रीतल्या थरांचे गट पाडून शास्त्रज्ञांनी त्यांना आपल्याच गावांची आणि घाटांची नावे दिली: इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगातल्या विद्यापीठांत आज ही नावे घेतली जातात.

या उद्रेकाचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला, असे अलीकडच्या मोजमापांवरून दिसते. आपल्याला हा काळ अफाट वाटतो, पण पृथ्वीच्या वयाच्या मानाने ही एक पहाट. आणि त्याच पहाटेत पृथ्वीवरून महाकाय सरडे, डायनोसॉर, नाहीसे झाले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे त्यांचे अवशेष सापडतात. ते का मेले? १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी दाखवले की त्या काळाच्या मातीत इरिडियम हा आकाशातून येणारा धातू आहे. पुढे मेक्सिकोत चिक्सुलुब येथे प्रचंड उल्केचा खड्डाही मिळाला. तरी दख्खनच्या लाव्ह्यातून सुटलेल्या वायूंचा त्या संहारात किती हात होता, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. त्या वायूंची ताकद समजायला जवळचे उदाहरण आहे. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटरांची भेग फुटली आणि आठ महिने लाव्हा वाहिला. लाव्ह्याने माणसे फारशी मेली नाहीत. पण विषारी धुक्याने कुरणे गेली, जनावरे गेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातला सुमारे पाचवा हिस्सा माणूस मेला. दख्खनच्या पुढे लाकी म्हणजे रांजणापुढची वाटी!

असो. आता आपल्या मैंदर्गीकडे येऊ. सह्याद्रीत हा खडक हजार मीटरांहून जाड आहे. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, हे सगळे या थरांचेच. तिथून पूर्वेकडे यावे तसतसा तो पातळ होतो. कोयनेजवळ भोक पाडले तेव्हा ९३३ मीटरांवर त्याचा तळ लागला. किल्लारीला ३३८ मीटरांवर. आणि आपण तर त्याच्या काठाशी राहतो. खोटे वाटत असेल तर दुधनीला गाडीत बसा. गाणगापूर रोड, कलबुर्गी, तिथवर काळा दगड. पुढे शहाबाद आले की रुळांच्या बाजूला खाणी दिसतात, पण दगड काळा नव्हे. आपल्या घरात पायाखाली असते ती करडी शहाबादी फरशी. तो चुनखडीचा दगड. लाव्ह्याच्याही कितीतरी आधी पाण्याच्या तळाशी साचलेला. काळ्या दगडाची चादर तिथे संपते आणि तिच्याखालचे जुने अंथरूण उघडे पडते. गंमत पहा, त्या चुनखडीच्या गटाला शास्त्रज्ञ भीमेचे नाव देतात. भीमा निघते भीमाशंकरला, लाव्ह्याच्या जाड उशीवर. पंढरपूर करून आपल्या तालुक्याच्या दक्षिणेने वाहते आणि पुढे त्या काठापलीकडे जाते. एका नदीने ही सगळी पोथी उलगडून दाखवली आहे.

ज्यांना रेल्वेने जायचे नाही, त्यांनी आपल्या विहिरीत डोकवावे. आपल्याकडे विहीर पाडणाऱ्या माणसांना हे शास्त्र पुस्तकाविना येते. वर काळी माती, मग मुरूम. मग लागतो भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. आणि कधी कधी त्याखाली एक तांबडी पट्टी, की पुन्हा मांजऱ्या सुरू. याचा अर्थ काय? लाव्ह्याचा एक थर निवताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकतात, म्हणून थराचा माथा भोकाभोकांचा. पुढे त्या भोकांत पांढरे खनिज भरले, तो मांजऱ्या. मधला भाग सावकाश निवला, तो पाषाण. तांबडी पट्टी म्हणजे त्या काळची जमीन. दोन लाव्ह्यांच्या मधल्या विसाव्यात खडक कुजून तिची माती झाली होती आणि वरून दुसरा लाव्हा येऊन ती भाजली गेली. पाणी मुरते ते वरच्या मुरुमात, मांजऱ्यात आणि दगडाच्या फटींत. अखंड पाषाणात ते जवळजवळ नसतेच. म्हणून एकाच्या विंधन विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडच्याची कोरडी जाते. हे नशीब नव्हे. थरांची रचना आहे. आणि म्हणूनच नुसते खोल खोल जाण्यापेक्षा वरच्या थरात पावसाचे पाणी जिरवणे आपल्या मुलखात शहाणपणाचे ठरते.

याच दगडाची माती म्हणजे आपली काळी. पाऊस धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी हिवाळाभर उभी राहते. अजिंठा, वेरूळची लेणी याच दगडात कोरली. महाराजांचे गड याच पायऱ्यांवर उभे राहिले. अग्नीने दिलेले हे सारे आपण कोट्यवधी वर्षांनंतर खातो आहोत, नेसतो आहोत.

आता शेवटचा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न. हा अग्नी पुन्हा पेटेल काय? नाही. तो पेटवणारी जी ऊब पृथ्वीच्या पोटात होती, तिच्यावरून आपली भूमी केव्हाच उत्तरेला सरकली. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली ती ऊब आजही आहे असे मानतात, आणि तिथला ज्वालामुखी अजून वाहतो. तो आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर आहे. किल्लारीचा भूकंप ज्वालामुखीचा नव्हता. आपली भूमी अजूनही उत्तरेला हिमालयाशी रेटा देत आहे. त्या रेट्याने लाव्ह्याखालचा फार जुना खडक एका ठिकाणी तुटला, इतकेच.

मग दहा हजार माणसे कशाने गेली? हे सांगताना जड वाटते. ती दगडानेच गेली. पण जमिनीतल्या नव्हे, भिंतीतल्या. माळवदाची घरे, हातदीड हात जाडीच्या भिंती. दोन्ही बाजूंना गोल काळे दगड, मधे मातीची भर, आतबाहेरच्या बाजूंना बांधणारा लांब दगड एकही नाही, आणि वर लाकडावर मणामणाने माती. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर अर्ध्या मिनिटात उकलले आणि माळवद खाली आले. त्या काळी आम्ही अंगणात बसून जमिनीकडे कान लावत होतो. खरे तर भिंतीकडे पाहायला हवे होते.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलांना एकदा गावातल्या कठडा असलेल्या विहिरीवर न्या, काठापासून जपून उभे करा आणि थर मोजायला सांगा. फुजीचे चित्र पुस्तकात राहू द्या; आपला ज्वालामुखी त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. आणि परत येताना गावातली एखादी जुनी भिंत दाखवा. तिच्यात आरपार जाणारे दगड आहेत का, घराला चहूबाजूंनी बांधणारा पट्टा आहे का, माळवदावर दरवर्षी माती चढवून भार वाढवला आहे का, हे विचारायला शिकवा. पोर घरी जाऊन वडिलांना तेच विचारेल.

आमचे आज्जा आता नाहीत. ते असते तर मी त्यांना सांगितले असते, की आज्जा, डोंगर लागतो हे खरं; पण आपला ज्वालामुखी डोंगर नव्हता, तो आपला माळच होता. त्याला भ्यायचं कारण नाही. भ्यायचं असेल तर आपल्याच हाताने रचलेल्या कच्च्या भिंतीला भ्यावं. आणि ती दुरुस्त करणं तर आपल्याच हातात आहे.